चेंज मॅनेजमेंटच्या ‘सहा सत्यां’ना उत्तर

‘चेंज मॅनेजमेंट: सहा कटू सत्यं’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या फिरतो आहे. चेंज मॅनेजमेंट म्हणजे संस्थेत नवी पद्धत किंवा प्रणाली आली, की ती तिथल्या लोकांच्या अंगवळणी पाडण्याचं काम. माझ्या धाकट्या बहिणीला तो तिच्या विभागप्रमुखांनी पाठवला, वर एक ओळ जोडून: “परीक्षेचा अर्ज भरण्याआधी हे वाच.” परीक्षा म्हणजे याच कामाच्या प्रमाणपत्राची. म्हणून हे उत्तर. एरवी असलं काही आलं की मी पुढे सरकतो.

मजकूर थोडक्यात असा. एक, सत्तर टक्के बदल फसतात, म्हणजे चेंज मॅनेजमेंटवाल्यांचा उपयोग शून्य. दोन, तीन दिवसांच्या कोर्सवर मिळणारं सर्टिफिकेट म्हणजे पेशा नव्हे. तीन, मेल पाठवायचे आणि ट्रेनिंग लावायचं एवढंच काम, ते प्रोजेक्ट मॅनेजर करतोच. चार, माणसाला बदल नकोच असतो. पहिल्या तीस दिवसांत विरोध करणाऱ्यांची यादी करा, त्यांना बाजूला काढा, बाकीचे आपोआप रांगेत येतात. पाच, आयटीत चेंज मॅनेजमेंट आधीपासून आहे, दुसरं कशाला? सहा, प्रत्येक संस्था वेगळी, त्यामुळे सगळ्यांना लागू पडतील अशी मानकं निघूच शकत नाहीत.

सत्तर टक्के

१९९३ साली मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी रीइंजिनिअरिंगबद्दल, म्हणजे कामाच्या पद्धती मुळापासून नव्याने आखण्याबद्दल लिहिलं, की असे प्रयत्न करणाऱ्या ५० ते ७० टक्के संस्थांना हवे होते तेवढे मोठे निकाल मिळत नाहीत. हा आपला ‘अशास्त्रीय अंदाज’ आहे, असं त्यांनी त्याच वाक्यात लिहून ठेवलं होतं. पुढे ‘अंदाज’ गळाला, मग ५० गळाले, रीइंजिनिअरिंगच्या जागी ‘कुठलाही बदल’ आला आणि ‘हवे तेवढे निकाल नाहीत’ याचं ‘फसला’ झालं. १९९५ मध्ये स्वतः हॅमर यांनी आपल्या वाक्याचा विपर्यास झाल्याची तक्रार केली, पण तोवर आकडा हातचा गेला होता. २०११ साली मार्क ह्यूज यांनी ‘जर्नल ऑफ चेंज मॅनेजमेंट’मध्ये या आकड्याचे पाच छापील दाखले तपासले. एकाच्याही मागे भरवशाचा पुरावा निघाला नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. हा आकडा सगळ्यांत जास्त आमच्याच क्षेत्रातल्या लोकांनी विकला. सल्लागारांच्या सादरीकरणात पहिल्याच स्लाइडवर तो असायचा: ‘सत्तर टक्के फसतात, म्हणून आम्हाला बोलवा.’ आता तोच उलटून अंगावर आला, तर ओरडायला फारसं तोंड नाही.

आकडा बाजूला ठेवला तरी ‘फसला’ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न उरतोच. तारीख चुकली, खर्च वाढला, लोक वापरत नाहीत, की फायदा मिळाला नाही? ही चार वेगळी मापं आहेत. प्रकल्प तारखेला आणि बजेटमध्ये पूर्ण होतो आणि निम्मा विभाग एक्सेलवरच काम करत राहतो, असं सर्रास घडतं. पहिल्या दोन मापांवर तो यशस्वी, तिसऱ्यावर नापास.

विरोध करणाऱ्यांची यादी

हा मुद्दा नुसता चुकीचा नाही. यावरून खऱ्या माणसांच्या नोकऱ्या जातील, म्हणून इथे थांबतो.

लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली ‘ह्यूमन रिलेशन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, मॅरियन इथे हारवूड नावाचा पायजम्यांचा कारखाना होता. मजुरी नगावर. कामाची पद्धत बदलली, की उत्पादन कोसळायचं, तक्रारी व्हायच्या, माणसं सोडून जायची. दोघांनी कामगारांचे गट पाडले. एका गटाला नेहमीच्या रीतीने सांगितलं: बैठक, स्पर्धा कशी वाढली आहे ते, नवी पद्धत, नवा दर, शंका असतील तर विचारा. बदल केवढा? इस्त्री करणाऱ्या बायका अर्धा-अर्धा डझन नग पुठ्ठ्यावर रचायच्या, ते आता खोक्यात रचायचे. बस्स, एवढाच. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि नव्या पद्धतीची आखणी त्यांच्यामार्फत झाली. उरलेल्या दोन गटांत प्रत्येकीने त्या आखणीत भाग घेतला.

पहिल्या गटात चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेल्या. उत्पादन खाली आलं ते वर आलंच नाही. ज्या गटांना सामील करून घेतलं, त्यांतली त्या चाळीस दिवसांत एकही गेली नाही. प्रत्येकीने भाग घेतलेल्या गटांचं उत्पादन तर पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के वर जाऊन टिकलं.

आता पुढचं वाचा, कारण ‘सत्य’ लिहिणाऱ्याने हे वाचलेलं नाही. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या गटातल्या उरलेल्या १३ जणींना पुन्हा एकत्र आणून दुसऱ्या कामावर घातलं, पण या खेपेला सगळ्यांना आखणीत घेऊन. त्या झपाट्याने जुन्या वेगावर आल्या आणि त्याच्याही पुढे गेल्या. भांडण नाही, राजीनामा नाही. माणसं तीच. पहिल्या तीस दिवसांत यादी केली असती तर ही तेराच्या तेरा नावं तिच्यात असती.

प्रयोगाच्या मर्यादाही सांगतो, नाहीतर मी हॅमर-चॅम्पींचं वाक्य वापरणाऱ्यांपेक्षा वेगळा नाही. गट लहान होते, कॉच त्याच कारखान्यात कामगार विभाग सांभाळत, आणि फ्रेंच व सहकाऱ्यांनी नॉर्वेत केलेल्या, १९६० साली छापलेल्या तशाच प्रयोगात उत्पादन वाढलं नाही. तेव्हा ‘लोकांना विचारलं की १४ टक्के वाढ’ असं कोणी म्हणत असेल तर तेही खोटं. पण विरोध हा माणसाच्या स्वभावात बसलेला असतो, हा दावा त्या तेरा जणींसमोर टिकत नाही.

मजकूर पुढे ‘नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार’ या पायऱ्या देतो आणि लोक आपोआप शेवटच्या पायरीवर येतील असं सांगतो. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, मरणासन्न रुग्णांशी बोलून. नव्या फॉर्मला वैतागलेला कारकून शोक करत नसतो. बहुतेक वेळा फॉर्मच वाईट असतो.

मग विरोध दिसला की करायचं काय? खरेदीच्या मंजुऱ्या कागदावरून सॉफ्टवेअरवर नेल्या आणि तीन आठवड्यांनीही एक विभाग कागदावरच आहे, असं धरू. जेफ हायट यांच्या अडकार या मांडणीचा क्रम इथे उपयोगी पडतो: जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता, टिकवणूक.

जाणीव तपासायची तर त्या विभागातल्या पाच जणांना गाठून विचारायचं, “कुठल्या तारखेपासून काय बदललं?” मेल गेला म्हणजे कळलं असं होत नाही. इच्छा तपासायची तर त्या माणसाचं नुकसान काय होतंय ते शोधायचं. पूर्वी फाइल अडली तर ती नेमकी कोणाकडे, ते दिसत नसे. आता स्क्रीनवर त्याच्या नावापुढे दिवस मोजले जातात, आणि वार्षिक मूल्यमापन मात्र अजून हातावेगळ्या केलेल्या फायलींवरच आहे. इथे पोस्टर लावून काही होत नाही. मूल्यमापनाचं माप बदलावं लागतं आणि ते त्याच्या थेट वरिष्ठाने समोर बसून सांगावं लागतं. ज्ञानाचा प्रश्न असेल तर ट्रेनिंगची तारीख बघा. ते गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष चालू होण्याच्या, सहा आठवडे आधी उरकलेलं असतं, कारण तेव्हा हॉल रिकामा होता. क्षमतेचं बघायचं तर लॉगिन झालंय का, त्या लॉगिनला मंजुरीचे अधिकार दिलेत का, आणि पहिल्या वीस-तीस नोंदी करताना शेजारी जाणकार कोणी होतं का? शेवटची टिकवणूक: साहेब अजून कागदावर सही करतात का? करत असतील तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

हे क्रमाने बघायचं आणि पहिली भोकं आधी बुजवायची. ज्याची इच्छाच नाही त्याला आणखी दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं, तर तो दोन दिवस खुर्चीत बसून परत येतो.

यादीचा उलटा परिणाम वेगळाच. तिच्यात पहिली नावं कोणाची येतात? ‘माल अर्धाच आला तर नोंद कशी करायची? परत पाठवला तर? वर्ष संपताना काय?’ असं बैठकीत विचारणाऱ्यांची. अपवाद त्यांनाच ठाऊक असतात. ती माणसं गेली की हेच प्रश्न गो-लाइव्हच्या दुसऱ्या आठवड्यात उभे राहतात आणि उत्तर देणारं कोणी नसतं. उरलेले शहाणे होतात: बैठकीत मान डोलावतात आणि टेबलावर स्वतःची एक्सेल शीट चालू ठेवतात. अहवालात विरोध शून्य.

तीन दिवसांचं सर्टिफिकेट

यात निम्मं खरं आहे. तीन दिवसांचे कोर्स आहेत, ते एकेका पद्धतीची ओळख करून देतात, आणि ते करून लोक स्वतःला तज्ज्ञ म्हणवतात. अशा माणसाच्या हाती दोन हजार जणांचा बदल देऊ नये.

पण तेवढ्यावर सगळ्या क्षेत्राचा निकाल लावता येत नाही. असोसिएशन ऑफ चेंज मॅनेजमेंट प्रोफेशनल्स या संस्थेने २०१४ साली मानक प्रसिद्ध केलं. तिच्या परीक्षेला बसायचं तर पदवीधराला तीन वर्षांत ४,२०० तासांचं प्रत्यक्ष काम दाखवावं लागतं, पदवी नसेल तर पाच वर्षांत ७,०००, शिवाय मानकाला धरून २१ तासांचं प्रशिक्षण. परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची. मिळालेलं प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवं करायला ६० एककांचं पुढचं शिक्षण लागतं. हे तीन दिवसांत होत नाही.

परवाना लागत नाही, हे खरं. प्रोजेक्ट मॅनेजरलाही लागत नाही. त्यांची संस्था पीएमआय १९६९ ची आणि पीएमपी परीक्षा १९८४ ची, मध्ये पंधरा वर्षं गेली. आज त्याला कोणी पेशा नव्हे म्हणत नाही.

मेल आणि ट्रेनिंग, आणि आयटी

प्रोजेक्ट मॅनेजरचं काम व्याप्ती, वेळ आणि खर्च सांभाळून प्रणाली चालू करून देणं. चेंजवाल्याचं मोठं काम त्याच दिवशी सुरू होतं. लहान बदलात दोन्ही एकाने करावं, माझी हरकत नाही. फक्त तारीख घसरली की एकाच माणसाच्या हातून आधी काय कापलं जातं, तेही बघा: सराव.

मेलच्या आधी जे करायचं असतं ते आघात-तक्ता. प्रत्येक भूमिकेसमोर काय बदलतं ते लिहायचं: कामाच्या पायऱ्या, साधन, अधिकार, कोणाला उत्तर द्यायचं, कामाचं माप. ‘सर्व कर्मचारी’ अशी एकच ओळ असलेला तक्ता फेकून द्यावा. वीस ओळी भरल्या की कळतं, की चौदा भूमिकांना एक बटण बदलतंय आणि दोन भूमिकांचं अख्खं काम जातंय. सगळ्यांना तोच मेल गेला की त्या दोघांना तो थट्टा वाटतो.

आयटीचा मुद्दा दोन ओळींत. तिथली प्रक्रिया सर्व्हरवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्याआधी मंजुरी, धोका आणि माघार घेण्याची वाट तपासते. आयटी सेवा कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या आयटीआयएल या मांडणीच्या चौथ्या आवृत्तीत तर तिचं नावच बदललं. तिचा लोकांच्या सवयींशी संबंध नाही.

मानकं निघूच शकत नाहीत

निघालेली आहेत, म्हणून हा मुद्दा खरं तर इथेच संपतो. वर सांगितलेलं २०१४ चं मानक कामाचे पाच टप्पे मांडतं: आघात आणि तयारी जोखणं, धोरण ठरवणं, आराखडा करणं, तो राबवणं, आणि काम रीतसर संपवून सोपवणं. ऑस्ट्रेलियात २००५ साली सुरू झालेल्या चेंज मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने ज्ञानाची १३ क्षेत्रं ठरवली. आघात जोखलाच पाहिजे, एवढं मानक सांगतं. तक्त्यात दहा रकाने हवेत की चार, ते संस्थेने ठरवावं. संस्था वेगळ्या असतात, म्हणून पायरी गाळता येत नाही.

तक्रार करायचीच असेल तर वेगळी आहे. दोन संस्था, दोन शब्दावल्या, दोन प्रमाणपत्रं, नेमणारा गोंधळतो. नीतिसंहिता आहे, पण ती मोडणाऱ्याला काम करण्यापासून कोणी रोखू शकत नाही. हे मिटेपर्यंत उमेदवाराकडे आधीच्या कामाचे तीन कागद मागा, नावं खोडून चालतील: भूमिकावार आघात-तक्ता, स्पॉन्सरने, म्हणजे बदलामागे उभ्या असलेल्या वरिष्ठाने, स्वतः काय कधी बोलायचं याची तारखांसह यादी, आणि गो-लाइव्हनंतर नव्वद दिवसांनी किती व्यवहार नव्या वाटेने होत होते आणि किती जुन्या, त्याची मोजणी. लॉगिनची संख्या दाखवली तर ती घेऊ नका. सकाळी लॉगिन करून दिवसभर एक्सेलमध्ये काम करता येतं. पहिले दोन कागद बरेच जण आणतात.