लिओना वुड्स : मदतनीस की दोषी?

अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातली भौतिकशास्त्रज्ञ लिओना वुड्स हिच्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचे आक्षेप दोन. एक, ती भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीच्या हाताखालची साधी मदतनीस, तिला मी उगाच मोठं केलं. दुसरा, अणुबॉम्बच्या कामातल्या बाईचं कौतुक करताना नागासाकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. हे दोन्ही एकदम कसं चालेल? काम एवढं किरकोळ, तर पाप तिच्या माथी कशाला?

काम किरकोळ नव्हतंच. २ डिसेंबर १९४२ला शिकागो विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड मैदानाच्या प्रेक्षागॅलरीखाली, स्क्वॉश कोर्टात रचलेल्या ग्रॅफाइट आणि युरेनियमच्या ढिगात, म्हणजे पहिल्या अणुभट्टीत, साखळी अभिक्रिया (एक अणू फुटून निघालेल्या न्यूट्रॉन कणांनी पुढचे अणू फुटत जाणं) पहिल्यांदा आपल्या बळावर चालली. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो सरळ मोजता येत नाही. नळीत बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू भरला, तर बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, अल्फा कण सोडतो आणि त्याची नोंद होते. असे काउंटर २३ वर्षांची लिओना स्वतः बनवायची. न्यूट्रॉन शोषून अभिक्रिया रोखणारी नियंत्रणाची कांडी आणखी किती बाहेर ओढायची, हे फर्मी न्यूट्रॉनच्या मोजणीवरूनच ठरवत होता. त्या दिवशी तिथे हजर असलेली ती एकटीच बाई.

पुढे हॅनफर्ड, बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारं वॉशिंग्टन राज्यातलं केंद्र. सप्टेंबर १९४४मध्ये तिथली मोठी अणुभट्टी सुरू झाली आणि काही तासांतच आपोआप मंदावली. विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून, तयार होणारा झेनॉन-१३५ हा वायू न्यूट्रॉन खाऊन टाकत होता. हा तिढा सोडवणाऱ्यांत फर्मी आणि भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांच्याबरोबर तीही होती. (त्याआधी शिकागोजवळच्या आर्गोन इथल्या अणुभट्टीवर काम करताना तिने गरोदरपण सैल कपड्यांखाली वरिष्ठांपासून लपवलं होतं. लोक त्याला धाडस म्हणतात, माझ्या अंगावर काटा येतो.)

आता नागासाकी. त्या बॉम्बमधलं प्लुटोनियम हॅनफर्डचंच. तो पडला ९ ऑगस्ट १९४५ला, तिच्या सव्विसाव्या वाढदिवशी. तिला पश्चात्ताप झाला नाही, आणि पुढे तिने तसं उघड सांगितलं. जर्मनी आधी बॉम्ब बनवेल ही धास्ती होती, भाऊ ओकिनावात लढत होता. भावाचं मी समजू शकतो. जर्मनीचं कारण मात्र पटत नाही, कारण मे महिन्यातच जर्मनी शरण आली होती आणि हॅनफर्डच्या भट्ट्या तरीही चालूच राहिल्या.

नकार देणं शक्य होतं का? विखंडनाचा अर्थ लावणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनरला १९४३मध्ये बॉम्बच्या कामाचं बोलावणं आलं, तिने साफ नकार दिला. ती स्टॉकहोममध्ये होती, लिओना या कामाच्या ऐन मध्यावर. हा फरक मोठा आहे. तरी लिओनाने विचारपूर्वक होकार दिला असंच मी मानतो. दोष द्यायचाच तर फर्मीला देता त्याच मापाने द्या. मदतनीस म्हणून सूट नको.