≤ ची खालची रेघ

कापसाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत असला तर हमीभावाच्या केंद्रावर गाडी आत, त्यावर गेला की माघारी. गणितात हे एवढ्यात मावतं: ओ ≤ १२. म्हणजे वहीत मावतं. तालुक्याच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात गणिताचा पेपर टाइप करून घेताना मात्र ≤ ची ती खालची रेघ जगवताना माझा जीव मेटाकुटीला येतो.

पहिला वैरी कृतिदेव. या फाँटात इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरं बसवलेली. '<' दाबलं की उमटतो 'ढ'! 'एक्स < वाय' छापून येतं 'ग ढ ल'. पेपर सोडवण्याआधीच निकाल. बरोबरीच्या चिन्हाचा 'त्र' होतो. ≤ ला तर जागाच नाही. मात्रा आणि अर्ध्या अक्षरांनी घर गच्च भरलंय.

दुकानदार म्हणतो, "सर, कायले टेन्शन घेता? '<' च्या खाली अंडरलाइन मारून देतो न!"

दिसतं झकास. पण तो मजकूर नोटपॅडात चिकटवला की अंडरलाइन गळते, आणि बरोब्बर १२ टक्क्यांची गाडी उगाच माघारी फिरते.

खरा उपाय सोपा आहे. वर्डमध्ये एक जागा सोडून इंग्रजी आकड्यांत २२६४, म्हणजे ≤ चा युनिकोड नंबर, लिहायचा आणि लगेच ऑल्ट-एक्स. जागा सोडली नाही तर मागचा आकडाही कोडात ओढला जातो आणि हाती चौकोनी डबा येतो. सूत्रापुरता फाँट कॅम्ब्रिया मॅथ ठेवायचा. शेवटी 'सिलेक्ट ऑल' करून कृतिदेव लावणाऱ्याचा हात धरायचा, नाहीतर 'ग' पुन्हा हजर.

एक्सेलची तऱ्हा वेगळी. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, ≤ म्हणजे २२६, १३७, १६४ असे तीन बाइट. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, सुरुवातीच्या खुणेविना, म्हणजे बीओएमविना उघडली, तर एक्सेल ते जुन्या विंडोज कोडात सुटे सुटे वाचतं: टोपीवाला ए, मग ‰, मग ¤. मधलं चिन्ह दरहजारीचं! टक्क्यांच्या हिशेबात हा पाहुणा कुठून आला, ते शोधण्यात दुपार जाते. म्हणून सेव्ह करतानाच 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडावं.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं वागणं गावातल्या मानी सोयऱ्यासारखं. कोडात ≤ दिसलं की चूक दाखवताना त्याचा २२६४ हा नंबरही बिनचूक सांगतो. ओळख आहे, पत्ता पाठ आहे, पण घरात घेणार नाही. तिथे आधी '<', मग त्याला चिकटून '='; उलटं चालत नाही. खाली बसवायला एवढा जीव काढलेली रेघ इथे शेजारी बसते, आणि एकीच्या दोन होऊन.