"काही करत नाही हो तो!"

परवा पार्कात वळणावर एक काकू एकदम थांबल्या आणि लांबूनच म्हणाल्या, "धरलंय ना त्याला?" मी हातातला पट्टा वर करून दाखवला, माझ्या कुत्र्याला, बंड्याला, बाजूला गवतात घेतलं, खाली बसवलं, काकू गेल्या. दहा सेकंदांचं काम. चार वर्षांपूर्वीची मी असते ना तर हमखास म्हणाले असते, "अहो काही करत नाही तो!" आणि वर घरी येऊन नवऱ्यासमोर बडबड केली असती की लोकांना मुक्या जनावरांबद्दल जरा म्हणून प्रेम नाही.

हे जे वाक्य आहे ना, काही करत नाही तो, ते आम्ही कुत्रेवाले दिवसातून इतक्या वेळा म्हणतो की आता त्याचा अर्थच गेलाय. (हो, मी कुत्रेवालीच आहे, आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला कुत्र्यांची दुश्मन ठरवायला नको.)

झालं असं होतं. बंड्या तेव्हा दीड वर्षाचा, वजन 28 किलो, अंगात मस्ती मावत नव्हती. सकाळी लवकर पार्क रिकामं असतं म्हणून मी त्याला मोकळा सोडायचे. एक दिवस पाच-सहा वर्षांचा एक मुलगा बाबांचा हात सोडून बॉलमागे पळत आला. पळणारं काही दिसलं की मागे सुटायचं हे कुत्र्याला कुणी शिकवावं लागत नाही, बंड्या सुटला आणि दोन्ही पंजे सरळ पोराच्या छातीवर. पोरगं आडवं. हा वर उभा राहून त्याचं तोंड चाटतोय. आणि मी, लिहायची लाज वाटते पण लिहिते, मी हसत हसत आले, ओरडत, "काही करत नाही, काही करत नाही, लाड करतोय तो!"

मुलाला एक ओरखडा नव्हता. पण तो रडतही नव्हता, नुसता श्वास धरून पडला होता आणि त्याची चड्डी ओली झाली होती. बाबांनी त्याला उचललं, मला एवढंच म्हणाले, "त्याला कसं कळणार?" आणि गेले. ते ओरडले असते तर मला भांडता आलं असतं.

घरी येऊन मी हिशेब केला. त्या पोराचं वजन फारतर 18 किलो असेल. म्हणजे माझ्या 60 किलोच्या अंगावर 90-95 किलोचं एखादं जनावर धावत येऊन आदळावं, त्याचे दात माझ्या तोंडापासून दोन बोटांवर, आणि लांबून कोणीतरी बाई हसत सांगतेय की लाड करतोय. तेव्हा डोक्यात उजेड पडला. "काही करत नाही" हे मला माहितीये कारण तो माझ्या पलंगावर झोपतो. समोरच्याला ते माहिती असायचं काही कारणच नाही, आणि त्याने घाबरायचं की नाही हे ठरवणारी मी कोण?

बरं, ते वाक्य खरं तरी असतं का? शेपटी हलतेय म्हणजे कुत्रा खूश, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तसं नसतं. अंग सैल, कंबर पण डुलतेय तर खुशी. शेपटी ताठ वर आणि अंग लाकडासारखं कडक असेल तर तो तणावात आहे. सारखी जीभ बाहेर काढून ओठ चाटणं, झोप नसताना जांभया देणं, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं, एकदम थिजणं, ही सगळी "मला नको" ची भाषा आहे. आणि गुरगुरणं तर चक्क नोटीस. आपण काय करतो, चार लोकांत तो गुरगुरला की आपली लाज जाते म्हणून त्याला दटावतो. मग हळूहळू तो नोटीस देणं बंद करतो, आणि एक दिवस "अचानक" चावतो.

दुसऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत तर अजून गोंधळ. समोरचा कुत्रा पट्ट्यात आहे आणि आपला मोकळा सरळ तोंडावर धावत चाललाय, आपण मागून "फ्रेंडली आहे!" कुत्र्यांच्या शिष्टाचारात असं सरळ नाकावर जात नाहीत, जरा वळसा घेऊन, हुंगत जातात. त्यात पट्ट्यातल्याला पळून जायची सोय नाही, मग त्याच्याकडे उरतं काय? भांडण. तो म्हातारा असेल, ऑपरेशन झालेला असेल, आधी चावा खाल्लेला असेल. काही लोक पट्ट्याला पिवळी रिबीन बांधतात, त्याचा अर्थ "आम्हाला जरा जागा द्या." दिसली तर प्लीज लांबून जा. आणि रिबीन नसली तरी विचारायला काय जातं?

मोकळं सोडायचं का, यावर माझं आता साधं मत आहे. खारीच्या मागे निघालेला तुमचा कुत्रा एका हाकेत परत येतो का? येत असेल आणि तिथे मोकळं सोडायला परवानगी असेल तर सोडा. बंड्या घरात दहापैकी दहा वेळा यायचा, पार्कात तीनदा. म्हणजे त्याला हाक समजत नव्हती असं नाही, पार्क माझ्यापेक्षा इंटरेस्टिंग होतं. मग दहा मीटरची लांब दोरी, खिशात खाऊ, आणि रोज तेच तेच, तब्बल सात महिने. एकदाही येऊन ओरडा मिळाला की पुढच्या वेळी तो कशाला येईल, त्यामुळे कितीही उशिरा आला तरी शाबासकीच द्यायची, हे मला सगळ्यात जड गेलं. त्या बटणवाल्या लांब होणाऱ्या दोऱ्यांबद्दल मात्र माझं अजिबात चांगलं मत नाही, पातळ दोरी बोटांना कापते आणि कुत्रा सात-आठ मीटर पुढे असेल तर तो मोकळाच समजा. आणि कुणी म्हणतं पट्टा म्हणजे क्रूरपणा. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी 20-30 कोटींच्या घरात, आपल्या 50-60 लाख. त्याला फिरायला जाणं म्हणजे हुंगायला जाणं. सैल पट्ट्यावर त्याला एका झुडपाशी तीन मिनिटं उभं राहू द्या, फोनवर बोलत ओढत नेऊ नका. क्रूरपणा ते ओढत नेणं आहे.

आता शी. होय, बोलायचंय. कुत्रा बसला की त्याच क्षणी मालकाला आकाशातले ढग फार सुंदर दिसायला लागतात, हा प्रकार सगळ्यांनी पाहिलाय. विचारलं की उत्तर ठरलेलं, "खतच आहे ना, झाडांना चांगलं." नाही हो. शेण गवत खाणाऱ्या जनावराचं असतं. कुत्रा खातो मांस-प्रथिनं, त्याची शी तशीच टाकली तर गवत जळतं, आणि त्यातून जंत-जीवाणू येतात ते वेगळंच. त्यातला एक गोल जंत आहे, टोक्सोकारा कॅनिस. त्याची अंडी शीमधून बाहेर पडतात तेव्हा लगेच धोकादायक नसतात, त्यांना मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि मग ती वर्षानुवर्षं टिकू शकतात. म्हणजे बघा, ताजी शी दिसते, घाण वाटते, आपण पाय उचलून जातो. पावसाने वाहून गेली, जागा स्वच्छ दिसायला लागली, की मग खरा धोका सुरू, आणि तिथेच पोरं मातीत खेळून हात तोंडात घालतात. पोटात गेलेल्या अंड्यांतून अळ्या निघतात, त्या यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यातही पोचतात आणि नजर जाऊ शकते. त्याच दिवशी उचलली तर हा सगळा प्रकार होतच नाही. आणि बंड्याला वेळच्या वेळी जंताचं औषध.

पोरांचं सोडा, आपल्याच पिल्लांचं बघा. पार्वो म्हणजे पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, पिल्लाचा लसीचा कोर्स मात्र ते साधारण 16 आठवड्यांचं झाल्यावर पूर्ण होतो. म्हणजे कोणाच्या तरी आळसापायी कोणाचं तरी पिल्लू जातं. न्यूयॉर्कमध्ये 1978 मध्ये शी उचलण्याचा कायदा लागू झाला तेव्हा विरोध करणाऱ्यांत कुत्रेवालेही होते, हे वाचून मला हसू आलं होतं. आणि पिशवीत भरून ती पिशवी झुडपाला लटकवून जाणारे जे थोर लोक आहेत, त्यांच्याबद्दल मी काहीच लिहीत नाही, भाषा बिघडते.

तक्रारी माझ्याही आहेत, एकतर्फी नको. न विचारता मागून येऊन मिठी मारणारी मुलं, आणि त्यांचे फोटो काढणारे आईवडील. मुद्दाम पाय आपटून कुत्र्याला डिवचणारे. खिशातलं काहीही भरवणारे. हात लावायचाय? आधी मला विचारा, मग त्याला जवळ येऊन हुंगू द्या, आणि डोक्यावरून हात आणण्यापेक्षा छातीला किंवा खांद्याला खाजवा. भीती वाटत असेल तर पळू नका, उभे राहा, मला हाक मारा, मी धरते. आणि कुठल्याही कुत्र्याने चावा घेतला, अगदी छोटा का असेना, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्याआधी लस घेतली तर वाचतो. बंड्याच्या लसीच्या नोंदीचा फोटो माझ्या फोनमध्ये कायम असतो, तो दाखवायला मला अपमान वाटत नाही.

पार्काच्या गेटवर "कुत्र्यांना मनाई" ची पाटी लागते तेव्हा आपण चिडतो. मीही त्या पाटीच्या विरोधातच आहे, फिरायला न मिळालेला कुत्रा घरात भुंकून भुंकून शेजाऱ्यांना जास्त त्रास देतो. पण ती पाटी लावायला कुणाला भाग पाडलं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला बरोब्बर माहितीये.

तो मुलगा आता नऊ-दहा वर्षांचा असेल. सायकल चालवतो. मी एकदा त्याच्या बाबांची माफी मागितली, ते "ठीक आहे हो" म्हणाले. पण मुलगा अजूनही आम्ही दिसलो की सायकल पलीकडच्या वाटेने वळवतो. बंड्या शेपटी हलवतो त्याच्याकडे बघून. मी पट्टा आखूड करते.