‘पगारी मास्तरणीची हौस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

पहिलीच्या वर्गात आम्ही एक पत्र्याचा डबा ठेवलाय. जास्तीची पेन्सिल, खोडरबर ज्याच्याकडे असेल त्यानं त्यात टाकायचं, ज्याला लागेल त्यानं न विचारता घ्यायचं. माझ्या लेखात एवढंच होतं. त्यावर आपली भलीमोठी प्रतिक्रिया आली. आधी पोरांना धड वाचायला शिकवा, देणाऱ्याला निदान स्टार तरी द्या, आणि शेवटी हे वाक्य : ‘ज्यांचे मायबाप कापूस वेचून पोट भरतात, त्यांच्या लेकरांना देणं शिकवणं ही पगारी मास्तरणीची हौस आहे.’

लेखात ‘गरीब मुलं’ हे शब्द वारंवार आले, ते आपल्याला खटकले. मान्य, पुढे टाळीन. वाचनाचं म्हणाल तर वर्गात येऊन ऐका, पोरं वाचतात.

पण ‘हौस’? ‘पगारी मास्तरीण’? ओळख ना पाळख, आणि एका बाईला असं लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? मुद्दा असता तर शांतपणे मांडला असता.

मी सालदाराची मुलगी आहे. बापाचा जन्म दुसऱ्याच्या वावरात गेला. पोळ्याला बैल नेणाऱ्याला मिळणारे बोजाऱ्याचे पैसे घेऊन तो घरी आला की माय त्यातून आधी शेजारच्या म्हातारीसाठी तेल-गूळ आणायला मला दुकानात धाडायची. म्हातारीचा पोरगा घर सोडून गेला होता. तिच्या चुलीवर पुरण शिजलं नाही तर मायच्या घशाखाली घास उतरत नसे. त्या मायला तुम्ही तोंडावर सांगितलं असतं का, की बाई, तुझ्यासारखीनं देऊ नये? आणि तुम्ही तर स्वतःला अमरावतीकडचे म्हणवता. शेंडगावच्या गाडगेबाबांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या तेव्हा त्यांच्या अंगावर चिंध्या होत्या.

आमच्या लेकरांना पुस्तकं शाळेतून, गणवेश शाळेतून, दुपारची खिचडी शाळेत. तो त्यांचा हक्कच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गावात कोणी वह्या वाटायला आला की याच लेकरांना रांगेत उभं करतात, हात पुढे करायला लावतात आणि फोटो काढतात. जिथं तिथं घेणाऱ्यांच्याच रांगेत उभं राहिलेल्या लेकरानं देणाऱ्याच्या जागी कधी उभं राहायचं? तुमच्यासारखे लोक दयेपोटी तीही जागा त्याला नाकारतात, याचा मला राग आहे.

हिवाळ्यात एका पोरानं बांधावरची बोरं चड्डीच्या खिशात भरून आणली. त्याची माय वेचणीलाच जाते. खिशाला भोक, म्हणून एक हात वरून दाबून धरलेला. पट्टीवर बसलेल्या एकेकाच्या हातावर तो दोन-दोन बोरं ठेवत चालला. सकाळी ज्याच्याशी मारामारी झाली होती त्याच्यापाशी आला तसा थांबला, खिसा चाचपला आणि एकच ठेवलं, तेही किडकं. चार पोरं पुढे गेला, मग मागे फिरला. ‘घे ना बे, ते फेकून दे,’ म्हणून त्याला दोन चांगली दिली. मी मध्ये चकार शब्द बोलले नव्हते. त्या पोराकडे पैसा नव्हता, बोरं होती. देण्याला तेवढं पुरतं.

राहिलं स्टारचं. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २० महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. मदत केल्याबद्दल ज्यांना खेळणं मिळालं, ती बाळं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती करत राहिली. म्हणून आमच्या डब्याशेजारी तक्ता नाही, कोणी काय टाकलं याची नोंद नाही, टाळ्याही नाहीत. टाकलं नाही तर कोणी विचारत नाही.



डबा चालू राहणार, यंदा दुसरीच्या वर्गातही ठेवतेय. पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा, पण डब्याबद्दल लिहा. माझा पगार आणि लेकरांच्या मायबापांची गरिबी, दोन्ही त्यात ओढू नका.