‘झिरो’ हा ‘शून्य’चा अपभ्रंश नाही
‘शून्य’चाच अपभ्रंश होऊन इंग्रजीत ‘झिरो’ झाला, असा मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतोय. संकल्पना भारतातून गेली हे खरंच, पण उच्चार नाही. अरबांनी ‘शून्य’चा नाद उचलला नाही, अर्थ उचलला. रिकामं म्हणजे ‘सिफ्र’. १२०२ मध्ये इटलीतल्या पिसाच्या फिबोनाची या गणितज्ञाने लॅटिनमध्ये त्याचं ‘झेफिरम’ केलं. इटालियन तोंडी घासून घासून ते ‘झेरो’ उरलं आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. (आपण मात्र परीक्षेत भोपळा मिळवतो आणि एखाद्याला गणिताच्या नावानं पूज्य म्हणतो, ते वेगळंच!) त्याच सिफ्रपासून इंग्रजीला ‘सायफर’ही मिळाला. त्याचाही आधीचा अर्थ शून्यच. गुप्तलिपी हा अर्थ नंतर चिकटला.