ब्रुनोचं जाकीट

पिंट्याशेठनं काल ब्रुनोला लाल जाकीट घालून रंकाळ्यावर आणलं. जाकिटावर ‘सर्व्हिस डॉग’ असं छापलेलं. पोराकडं अमेरिकेला जायचंय, विमानात ब्रुनोला पायाशी घेऊन. म्हणून जाकीट, गळ्यातलं ओळखपत्र आणि सर्टिफिकेट असा सगळा सेट ऑनलाइन मागवलेला.

“आता कोण अडवतंय बघू,” शेठ म्हणाले.

रफीकचं तिकीट बुकिंगचं ऑफिस. त्यानं चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. “शेठ, तिकडं सरकारचं असलं रजिस्टरच न्हाई. छापणाऱ्यानं पैसे घेतले, बास. आणि 11 जानेवारी 2021 पासनं तिथला विमानाचा नियम बदललाय. सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त कुत्रा, तोबी अपंग माणसासाठी एखादं काम शिकवलेला. नुसता आधार वाटतो म्हणून न्यायचा असला तर कंपनी त्याला पाळीव प्राणी धरू शकते.”

“आधार वाटतोच की मला! ब्रुनो शेजारी नसला तर झोप लागत न्हाई.”

“वहिनी म्हणतात, तुझ्या घोरण्यानं ब्रुनोला लागत न्हाई,” सुन्यानं घातलंच मध्ये.

“असंच म्हणत म्हणत तिकडं मोरापर्यंत गेलेलं,” रफीक म्हणाला. “2018 ला नेवार्कच्या विमानतळावर एक बाई मोर घेऊन आलेली. मानसिक आधाराला म्हणून! कंपनीनं चढू दिलं न्हाई.”

“मोराचं काय घेऊन बसलाय? आमच्या शाहू महाराजांनी चित्ते पाळलेले!” शेठची छाती फुगली. कोल्हापूरचा विषय कुठं घुसवतील, नेम नाही.

तेव्हा बापू बोलले. काचबिंदूनं बापूंची नजर जाऊन सहा वर्षं झाली. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली असते आणि बोलताना तिच्या रबरी टोकावरून अंगठा फिरत असतो.

“पाळलेले न्हाईत, शिकवलेले. शिकारीचा चित्ता सोडल्याशिवाय सुटायचा न्हाई. तुझा ब्रुनो हाक मारल्यावर तरी येतो का रे?”

शेठ गप्प. आम्ही हसलो, पण बापू हसत नव्हते.

“पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी 1916 ला जर्मनीत ओल्डेनबर्गला वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची शाळा निघाली. तिथनं हे जगभर गेलं. मालक ‘चल’ म्हणाला आणि पुढनं गाडी येत असली, तर तो कुत्रा हलत न्हाई. कधी ऐकायचं न्हाई, हेबी शिकवतात त्याला.”

“मग आमचा ब्रुनो पास! कुणाचंच ऐकत न्हाई,” सुन्या.

“अरे, पण डिप्रेशनवाल्यांनी काय करायचं?” शेठनं शेवटचा पत्ता टाकला.

“त्यांचाबी कुत्रा चालतोय की,” रफीक म्हणाला. “पण शिकवलेला पाहिजे. माणूस घाबरून थरथरायला लागला की अंगावर रेलायचं, वाईट स्वप्नातनं उठवायचं, असलं काहीतरी.”

बापूंनी काठीची घडी उलगडली. “रस्ता ओलांडताना कुणी माझी काठी ओढली तर मी पडीन का न्हाई? कामाच्या पट्ट्यातला कुत्रा म्हणजे तीच काठी. त्याला कामात असताना हाक मारायची न्हाई, बिस्कीट टाकायचं न्हाई, मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा न्हाई. आणि तू असलं जाकीट घालून आलास आणि ब्रुनो कुणाला चावला, की उद्या खऱ्या आंधळ्याला दारातच अडवणार. त्याच्याकडं बघून कोण म्हणंल, हा खरा आणि तो पिंट्याचा?”

मला हे अगदी पटलं. ज्याला त्या कुत्र्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, त्याचीच जागा शेठ छापील कागदावर मागत होते. शेठ माणूस वाईट नाही, पण फुकट मिळतंय म्हटलं की त्यांना पुढचं दिसत नाही. त्र्यंबोलीच्या यात्रेतसुद्धा ब्रुनोनं पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यात तोंड घातलं, तर “लेकरू हाय” म्हणून मोकळे. आम्ही अकरा जण तांबड्यावर जेवलो.

“ते अजून काढालाय व्हय!” शेठ उसळले. “बरं, शिकवतो ब्रुनोला. मग तर झालं?”

“शिकवा की. पण भारत अमेरिकेच्या रेबीजच्या धोक्याच्या यादीत हाय. 1 ऑगस्ट 2024 पासनं मायक्रोचिप पाहिजे, लसीचे कागद पाहिजेत,” रफीकनं बोटांवर मोजत सांगितलं. “आणि आठ तास किंवा वरचा विमानप्रवास असला, तर कुत्रा विमानात घाण करणार न्हाई, न्हाईतर केली तरी स्वच्छतेचा त्रास होणार न्हाई, असंबी कंपनी लिहून मागू शकते.”

“देतो की लिहून! ब्रुनो लय सोशिक हाय.”

“ब्रुनोचं सोडा,” बापू म्हणाले, “तुझं कोण लिहून देणार? दाजीपूरला जाताना फुलेवाडीला थांबलास, भोगावतीला थांबलास, राधानगरीला तर गाडी थांबायच्या आधीच दार उघडलंस.”

सुन्याच्या नाकातनं चहा आला. रफीक कट्ट्यावर आडवा. शेठ दोन मिनिटं लाल होऊन बसले आणि मग तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

आठ वाजता बापू उठले. शेठनं सवयीनं त्यांचा दंड धरायला हात पुढं केला, मध्येच थांबवला आणि कोपर पुढं केलं. बापूंनी ते चाचपून धरलं. दोघं संध्यामठाच्या बाजूनं निघाले. मागनं ब्रुनो, जाकीट दातात धरून ओढत.