धुराचं पेट्रोल, तेही गिरणीतून?

"कार्बन डायऑक्साइडचं पेट्रोल करणारी पावडर आता गिरणीत दळून तयार! ना भट्टी, ना भेसळ, ना प्रदूषण." हा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. पावडर दळून होते हे खरं, पुढची बरीचशी लोणकढी.

आधी खरं ते. या वायूचा हायड्रोजनशी संयोग घडवून मिथेनॉल (एक साधं अल्कोहोल) करायला तांबं, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा) उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रियेला वेग देणारा पदार्थ, वापरतात. ती पावडर म्हणजे हाच. रूढ पद्धतीत नायट्रेटांच्या द्रावणात सोडा घालून साका पाडतात, तो मुरवतात आणि मग धूत बसतात, कारण सोडियम मागे राहिलं की उत्प्रेरक मंदावतो. नायट्रेटचं सांडपाणी उरतं ते वेगळंच. बॉल मिलमध्ये, म्हणजे कडक गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात (हीच ती 'गिरणी'), या धातूंचे कार्बोनेट कोरडेच घोटले तर ही धुणीभांडी बरीच वाचतात. या फायद्याची टिंगल नको.

"भट्टी नाही." कशी नाही? घोटलेलं कार्बोनेट भाजून ऑक्साइड करायचं, मग हायड्रोजनमध्ये तापवून तांबं मोकळं करायचं. शिवाय कारखान्यात मिथेनॉल तयार होतं ते २०० ते ३०० अंशांना, ५० ते १०० बार दाबाखाली. चालू मिलमध्येच वायूवर प्रक्रिया करण्याचे प्रयोग होतात, पण ती गोष्ट वेगळी, आणि हायड्रोजन त्यांनाही लागतोच.

"भेसळ नाही." नव्याने टाकी लावलेल्या जात्याचं पहिलं पीठ कचकचतं, पोलादी गोळ्यांचंही तेच. झिजलेलं लोखंड उत्प्रेरकात उतरलं की मिथेनॉलसोबत नको असलेला मिथेनही निघू लागतो. म्हणून झिर्कोनिया या कडक सिरॅमिकचे गोळे घेतात.

"पेट्रोल." या उत्प्रेरकातून निघतं मिथेनॉल आणि पाणी. पेट्रोल हवं तर झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या उत्प्रेरकावरचा आणखी एक टप्पा.

आता "प्रदूषण नाही." एक टन कार्बन डायऑक्साइडला सुमारे १३६ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून विजेने तो काढायचा तर किलोला ५० युनिटांच्या वर, म्हणजे जवळपास ७,००० युनिटं. आपल्या ग्रिडची वीज युनिटामागे ढोबळमानाने ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. एक टन जिरवायला पाच टन सोडायचा, असा हा व्यवहार! पावडर दळलेली असो की साका पाडलेली, हायड्रोजन तेवढाच लागणार.

आइसलँडमध्ये स्वार्ट्सेंगीला २०१२ मध्ये असा मिथेनॉल कारखाना सुरू झाला, तो भूऔष्णिक वीजकेंद्राला खेटून. वायू तिथलाच, आणि वीज कोळशाची नाही.